देव पाण्यात ठेवणारी गावं आणि "एवढे धर्म कशाला निघाले?"

कॉइलवाला

परवा दुकानात एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, "काका, जगात एवढे धर्म कशाला निघाले? त्यातला खरा कोणता?" त्याची पाच एचपीची मोटर जळाली होती, माझ्या हातात तांब्याची तार होती. "बस, चहा पी" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून इथं टाकतोय.

मी लातूरकडचा. मोटर रिवाइंडिंग करतो, पाणबुडी मोटरी जास्त. ग्रंथ समोरासमोर मांडून तुलना करण्याइतकं माझं वाचन नाही. मला फक्त आमच्या गावातला एक आठवडा सांगायचाय. ऑगस्ट २०१५. सोयाबीन पिवळं पडून माना टाकलेलं, दुबार पेरणीचे पैसे मातीत गेलेले. त्याच दुष्काळात पुढं एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल.

सोमवारी गावानं महादेव कोंडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं देऊळ जुनं, दगडी, गाभारा चार पायऱ्या खाली. अभिषेकाचं पाणी बाहेर जायची जी मोरी असते ती गोणपाट कोंबून, वर चिखल थापून बुजवायची आणि घरटी एक घागर आत ओतायची. पिंड पूर्ण बुडेपर्यंत. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. पण गोणपाट पाझरत होतं आणि घागरी पुरेनात. पाणी शाळुंकेच्या कडेवर येऊन थांबलं. शेवटी पोरांनी गावात आलेला ५,००० लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर देवळाकडं वळवला आणि पाइपच गाभाऱ्यात सोडला. पिंड बुडाली तेव्हा बाया रडल्या. मी तिथंच होतो. खरं सांगतो, माझ्याही पोटात कालवलं.

गुरुवारी पोरांनी पाऊस मागत दारोदार फिरायची धोंडी काढली, कमरेला कडुनिंबाचा पाला, डोक्यावर पाट. शुक्रवारी ईदगाहावर पावसाची नमाज झाली. म्हणजे पाच दिवसांत तीन अर्ज.

आता माझ्या धंद्यातलं. माझी मावशी पाथरीकडं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. कालव्याला पाणी असलं की त्या गावात महादेव कोंडल्याचं कुणाला आठवत नाही. याउलट आमच्याकडं बोअर घेताना बघा. आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ धरून शेत फिरतो. नारळ उभा राहिला तिथं खूण. मग गाडी येते, तिच्या रिगला लिंबू-मिरची बांधलेली. सहाशे फूट जाईपर्यंत मालक खाली उकिडवा बसून सगळ्या कुळदैवतांची नावं घेतो. मशीन अगदी नवं, पण खाली पाणी आहे की फुफाटा ते कुणालाच दिसत नाही. कालव्याला कुणी पाणाड्या बोलवत नाही.

माझं म्हणणं एवढंच. जिथं आपला हात पोचत नाही तिथं धर्म सुरू होतो. चूक असेल तर सांगा.

रोखठोक

एवढं लांब कशाला लिहायचं. भटजी, मौलवी, पाद्री यांनी पोटासाठी काढला धर्म. विषय संपला.

कॉइलवाला

भाऊ, धोंडीत पुजारी कोण असतो? शेंबडी पोरं आणि पाणी ओतणाऱ्या बाया. दक्षिणा म्हणून पसाभर ज्वारी, तीही पोरं तिथंच दुकानात देऊन गोळ्या खातात. पुजारी नंतर येऊन बसले असतील, मी नाही म्हणत नाही. पण आधी कोण आलं?

पुस्तकपाळ

कॉइलवाले, तुम्ही नकळत ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं मांडलंत. (मी परभणीला समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं व्याख्यान सहन करा.) पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले लोक दोन ठिकाणी मासे मारत. एक आतलं उथळ खाजण: पाण्यात वनस्पतीचं विष कालवलं की मासे हमखास मिळत, जिवाला धोका नाही. दुसरा खुला समुद्र: मिळेल की नाही सांगता येत नाही, परत येऊ की नाही तेही नाही. खाजणातल्या मासेमारीला मंत्रतंत्र जवळजवळ नव्हते, समुद्रावरच्या मासेमारीला भरपूर. १९२५ मध्ये त्यानं हे मांडलं. कालवा म्हणजे तुमचं खाजण आणि सहाशे फुटांचा बोअर म्हणजे समुद्र.

दोन गोष्टी मात्र जोडतो. तो हे "जादू"बद्दल बोलत होता, धर्म त्यानं थोडा वेगळा ठेवला. आणि रॅडक्लिफ-ब्राउन या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञानं उलटा मुद्दा काढला: विधीमुळं भीती जाते कशावरून? कधी कधी विधीच भीती निर्माण करतो. विधी ठरलेला नसता तर तो चुकल्याची धास्तीही नसती.

कॉइलवाला

हे दुसरं एकदम पटलं. पाऊस येईना तेव्हा गावात दोन दिवस एकच चर्चा, "मोरी नीट बुजवली नव्हती, पाणी पाझरत होतं, म्हणून."

गोदाकाठची

मला या धाग्यात वेगळंच दिसतंय. धर्मांची तुलना करायची तर देव किती, ग्रंथ कोणता हे बाजूला ठेवा. माणूस देवाशी कोणत्या नात्यानं बोलतो ते बघा. महादेव कोंडणं ही प्रार्थना नाहीच, ती अडवणूक आहे. घरातल्या माणसाशीच आपण असं वागतो. आमच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला तोंडभर शिव्या देते आणि तोच विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. रुसणं, भांडणं, कोंडून ठेवणं, हे परक्याशी करत नाहीत.

बीडबायपास भाऊ इथं असतात ना? त्यांनी नमाजेचं सांगावं.

बीडबायपास

आहे ताई, वाचत होतो.

आमच्यात पावसाच्या नमाजेला इस्तिस्का म्हणतात. दोन रकात (नमाजेची आवर्तनं) आणि खुतबा (प्रवचन). लोक जुन्या, साध्या कपड्यांत जातात. म्हातारी माणसं, लेकरं, गुरंढोरं सोबत न्यायचीही रीत सांगितलेली आहे. इमाम अंगावरची चादर उलटी करतो, कारण पैगंबरांनी तसं केलं होतं: हालत पालटू दे. आणि एक बारीक गोष्ट, जी मी लहानपणी वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहिली. एरवी दुआ मागताना तळहात आभाळाकडं असतात. या दुआत कित्येकजण हात उलटे धरतात, तळहात जमिनीकडं. मी वडिलांना विचारलं, "उलटे कामून?" ते म्हणाले, "गप बस, नंतर सांगतो." नंतर सांगितलंच नाही.

फरक असा की इथं अडवणूक चालत नाही. आधी माफी मागायची, की आमच्या हातून काय चुकलं असेल ते पोटात घाल. पाऊस देणं न देणं त्याची मर्जी. त्याला कोंडायचा विचारसुद्धा आमच्याकडं बेअदबी ठरेल. पण गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन बायका शेजारणीबरोबर महादेवाला घागर घालून आल्या होत्या. घरी कुणी काही बोललं नाही.

पुस्तकपाळ

ताईंच्या नात्याच्या मुद्द्याला एक ज्यू गोष्ट जोडतो, कारण ती हुबेहूब आपल्याकडची वाटते. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात ती उपवासांवरच्या भागात येते. होनी नावाचा माणूस, लोकांनी त्याला पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. पाऊस आला नाही. त्यानं जमिनीवर वर्तुळ आखलं, आत उभा राहिला आणि देवाला शपथ घातली, की लेकरांवर दया करेपर्यंत मी इथून हलणार नाही. थेंब थेंब पडायला लागलं. म्हणाला, हा नको. मग असा कोसळला की सगळं वाहून जातंय. म्हणाला, हाही नको. मग बेताचा लागला तो थांबेना, शेवटी लोकच म्हणाले, आता पुरे कर म्हणावं!

पुढं बघा. शिमोन बेन शेताह हा मोठा धर्मपंडित त्याला निरोप पाठवतो: तू होनी नसतास तर तुला बहिष्कृतच केलं असतं, पण काय करणार, बापापुढं लाडका पोरगा हट्ट करतो तसा तू देवापुढं करतोस आणि तो तुझं ऐकतो. म्हणजे नियम सांगणारा धर्म आणि हट्ट करणारा धर्म, दोन्ही एकाच घरात. बीडबायपास यांच्या गल्लीतही दोन्ही होतेच.

जालना_ते_बार्सिलोना

उशिरा आलो. इथं स्पेनमध्ये हाच प्रकार होता, अगदी लेखी. दुष्काळ पडला की शेतकरी नगर-परिषदेकडं जात, परिषद चर्चला कळवी, चर्च प्रार्थना लावी. दुष्काळ वाढत गेला की पायऱ्या वाढत: आधी नुसती प्रार्थना, मग संतांचे अवशेष बाहेर काढायचे, मग मिरवणूक, काही ठिकाणी पवित्र वस्तू पाण्यात बुडवायच्या (!), शेवटी दूरच्या क्षेत्राला यात्रा. लॅटिनमध्ये याला "प्रो प्लुव्हिया" म्हणत, म्हणजे पावसासाठी. हे सगळं चर्चच्या आणि परिषदांच्या दप्तरांत तारखेनिशी नोंदलेलं असल्यामुळं आजचे हवामान-अभ्यासक त्यावरून काही शतकांपूर्वीचे दुष्काळ किती कडक होते ते काढतात.

आपल्याकडं महादेव कधी कधी कोंडला याची वही कुणी ठेवली असती तर?

कॉइलवाला

पवित्र वस्तू पाण्यात! म्हणजे "देव पाण्यात घालून बसणे" हे स्पॅनिशमध्येही भाषांतर करता येईल.

कचनेरवाला

आमचं सांगतो. आम्ही जैन, आडतीचा धंदा. आमच्यात जग निर्माण करणारा देव नाही. तीर्थंकर मुक्त झालेले, ते कुणावर रागावत नाहीत की कुणाला काही देत नाहीत. मग पाऊस मागायचा कुणाला? शास्त्राप्रमाणं कुणालाच नाही. आपलं कर्म.

पण वेरूळला ३२ नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत जा. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. ती यक्षी, म्हणजे तीर्थंकरांची सेवक देवता. तीर्थंकरांकडं मागता येत नाही ते यक्ष-यक्षींकडं मागायची सोय आम्ही हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली. पद्मावतीपुढं नारळ ठेवणारे आमच्यातही कमी नाहीत, माझी बायको पहिली. पुढचं दार तत्त्वज्ञानानं बंद केलं तरी परसदार उघडंच राहिलं, असं मला तर वाटतं. घरी हे बोलत नाही.

पुस्तकपाळ

बौद्ध परंपरेतही ते परसदार दिसतं. वैशालीत अवर्षण, दुष्काळ, रोगराई पडली तेव्हा बुद्ध तिथं गेले, पाऊस पडला आणि रतनसुत्त म्हटलं गेलं, अशी कथा आहे.

वस्तीवरचा

सर, ती कथा अट्ठकथेतली, म्हणजे सुत्तावर नंतर लिहिलेल्या टीकेतली. सुत्तात पाऊस पाडण्याचा शब्द नाही. आणि आम्ही जो धम्म घेतला तो १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेला, २२ प्रतिज्ञांसकट. त्यात परसदार बुजवलेलं आहे, गोणपाट लावून नाही, सिमेंट लावून.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर बोलायचं तर बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला. धर्माचं काम जगाची उत्पत्ती सांगणं, धम्माचं काम जगाची पुनर्रचना करणं. तुम्ही सगळे दोन तास "हात पोचत नाही तिथं धर्म" यावर बोलताय. माझा प्रश्न उलटा आहे. पाटबंधाऱ्याचं पाणी कुणाच्या रानाला जातं, आडावर कोण चढू शकतो, मेलेलं कुठं जाळायचं, इथं माणसाचा हात नीट पोचतो. तिथंही धर्मच होता ना? ते कोणत्या भीतीपोटी? तिथं कोणता खुला समुद्र होता?

आणि कॉइलवाले दादा, तुमची गोष्ट चांगली लिहिलीत. एकच विचारतो. "घरटी एक घागर" म्हणालात. घागरी सगळ्यांच्या होत्या का?

कॉइलवाला

प्रश्न रास्त आहे. मला नक्की आठवत नाही. आईला विचारून सांगतो.

रोखठोक

आता आरक्षणावर जाणार धागा.

गोदाकाठची

रोखठोक, कृपा करा. मुद्दा पाण्यावर आहे आणि त्यांनी तो बरोबर ठिकाणी नेलाय. मी शाळेत शिकवते, माठावर डोया कुणी घ्यायचा यावरून अजून कुरबुरी मिटवते.

पुस्तकपाळ

वस्तीवरचा यांच्या प्रश्नाला मालिनोव्स्की पुरत नाही, हे मान्य. तिथं एमिल दुर्खाइम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ घ्यावा लागतो. १९१२ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी टोळ्यांवरून असं मांडलं, की माणसं एकत्र जमतात, अंगात एक गरमी चढते, ती आपल्यापेक्षा मोठ्या कशाची तरी आहे असं वाटतं, आणि त्या "मोठ्या"ला ते देव म्हणतात. खरं तर ती त्यांची जमातच. पिंड बुडाली तेव्हा बाया रडल्या, कॉइलवाल्यांच्या पोटात कालवलं, ते पावसामुळं नव्हे, पाऊस तर आलाच नव्हता. अख्खं गाव एका गाभाऱ्याभोवती उभं होतं म्हणून.

पण दुर्खाइमची सोयीस्कर पळवाट अशी की "जमात" कुणाची, कड कुठं आखली, आत कोण आणि बाहेर कोण, यावर तो फारसं थांबत नाही. आपल्याकडं सगळं तिथंच तर आहे.

किल्लारी९३

पहिल्यांदाच लिहितोय. पाऊस आणि भीतीचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून आलो, ढोल वाजवून हात दुखत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. पुढचं सांगत नाही. सगळ्या पट्ट्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर पुष्कळांनी आम्हाला कारणं सांगितली. पाप वाढलं होतं, देवाचं काही राहून गेलं होतं, वगैरे. खरं कारण आमच्या दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि डोक्यावरचा मातीचा ढीग. कुडाच्या झोपड्यांतली गरीब माणसं वाचली. पापाचा हिशोब म्हणावा तर हा कसला?

तरी मला धर्म सोडता आला नाही, त्याचं सांगतो. सरणाला लाकूड नव्हतं, वरून पाऊस लागला होता, कित्येकांना एकत्रच अग्नी दिला. आमच्या चुलतीचा नवरा आणि दोन पोरं त्यात. कुणाची राख कुठली, काही कळायचा मार्ग नाही. दहाव्याला, तेही नेमका पितृपक्ष चालू, पत्र्याच्या शेडच्या मागं माळावर पिंड मांडले. किती? ओळीच्या ओळी. कावळे येऊन शिवेपर्यंत थांबायचं असतं ना? एवढ्या पिंडांना कावळे पुरणार किती? लोक बसून राहिले. दुपार कलली. मग एका म्हाताऱ्यानं, तो आमच्या जातीचाही नव्हता, दर्भाचा कावळा केला आणि चुलतीला म्हणाला, "बाई, शिवला बग. ऊठ आता." त्यानंतर ती दहा दिवसांत पहिल्यांदा जेवली.

का जेवली, ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. आमच्या शेजारचे लिंगायत, त्यांच्यात दफन, पिंड नाहीत. पलीकडच्या मुसलमानांनी चाळिसावा केला. विधी वेगवेगळे, पण प्रत्येकात कुणीतरी येऊन "ऊठ आता" म्हणण्याचा एक दिवस ठरलेला होता. नुसतं एवढं सांगायचं होतं.

जालना_ते_बार्सिलोना

किल्लारी९३, काय लिहावं कळत नाही.

१ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप असाच सणाचा. सर्व संतांचा दिवस, लोक सकाळी चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, मग समुद्राची लाट, मग त्या मेणबत्त्यांनी लागलेल्या आगी. तिथंही मालाग्रिदा नावाचा पाद्री छापून सांगत होता की हे पापाचं फळ, आणि व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकानं रागानं कविता लिहिली की मग लंडन-पॅरिसमध्ये पाप कमी होतं का.

बीडबायपास

किल्लारी भाऊ, त्या दुआतल्या उलट्या हातांबद्दल वडिलांनी सांगितलं नाही म्हणालो ना. तुमची पोस्ट वाचून आत्ता त्यांना फोन केला. म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं, बापानं धरले तसे धरले."

कचनेरवाला

सगळे एवढं बोलले, पण पाऊस आला का ते कुणी विचारलंच नाही!

कॉइलवाला

आला. पण सतरा दिवसांनी, तोही सड्यासारखा. सोयाबीन गेलं ते गेलंच. महादेववाले म्हणाले आमच्यामुळं, ईदगाहवाले म्हणाले आमच्यामुळं, धोंडीतला पोरगा तर वर्षभर भाव खात होता. गोणपाट मात्र गुरवानं नवव्या दिवशीच उपसलं होतं. पाणी कुजून डास झाले होते.

वस्तीवरचा

आईला विचारलं का दादा?

कॉइलवाला

विचारलं. उत्तर द्यायला दोन दिवस लावले, माफ करा.

आईला म्हणालो, वस्तीतल्या घागरी होत्या का गं त्या दिवशी? म्हणाली, "न्हाई. त्यायनी देव सोडलेत, त्यायला कशाला बोलवायचं?" मी म्हणालो बरं. ठेवणार होतो फोन. मग तीच म्हणाली, "आन् घागरी भरायच्या कशानं त्यायनी? त्यो टँकर त्यांच्याच पाळीचा हुता."

वस्तीवरचा

हं.

कॉइलवाला

पाइप धरणाऱ्यांत मीही होतो.